प्रोटीन मास्क आणि ओलावा देणारा मास्क : ताळमेळ कसा राखावा?

अबोली

नमस्कार. केसांना प्रथिनांचे पोषण किती द्यावे आणि ओलावा देणारी उत्पादने किती वापरावीत, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

माझे केस बारीक, किंचित लहरी आणि खांद्याच्या खाली येणारे आहेत. गेल्या वर्षी टोकांकडचा अर्धा भाग ब्लीच करून त्यावर रंग दिला होता. मुळांकडचा भाग त्यानंतर उगवलेला असल्यामुळे त्याला कोणतेही रसायन लागलेले नाही. ब्लीचनंतर टोके ओली असताना लिबलिबीत होत, ताणली की लांबत जात आणि पुन्हा आखडत नसत, म्हणून मी हायड्रोलाइज्ड केराटिन (केसातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे) असलेला मास्क आणला. त्याने खरोखरच फरक पडला. केसांना अंग आले आणि गुंता कमी झाला. त्यानंतर प्रत्येक धुण्याला तोच मास्क लावू लागले आणि केस धुतल्यावर लावायचे क्रीमही गव्हाच्या प्रथिनाचेच घेतले.

आता मात्र टोके ताठ लागतात, बोटांत धरली की करकरतात आणि विंचरताना केसांचे बारीक तुकडे खांद्यावर पडलेले दिसतात. मुळांकडचे केसही निस्तेज वाटतात. याबद्दल वाचायला गेले तर दोन टोकाची मते आढळली. काही जण म्हणतात की हा प्रथिनांचा अतिरेक आहे, सर्व प्रथिने ताबडतोब बंद करावीत. तर काहींच्या मते ब्लीच केलेल्या केसांना प्रथिने कायमच लागतात आणि मला केवळ ओलावा कमी पडतो आहे. नेमके काय झाले आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे? आणि एकाच डोक्यावरच्या दोन वेगळ्या भागांसाठी वेगळा विचार करावा लागतो का?

वळणदार

अबोली, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. होय, वेगळा विचार करावाच लागतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे खांद्याखाली पोचलेले टोक कित्येक वर्षे ऊन, घर्षण आणि धुणे सोसून आलेले असते. त्यात तुमच्या टोकांवर ब्लीचही झाले आहे. मुळांजवळचा केस आणि टोकाचा केस यांना एकाच मापाने मोजले की कोणता तरी एक भाग दुखावतो.

आता ओळखायचे कसे, ते सांगते. केस शाम्पूने धुवा आणि कंडिशनर लावण्यापूर्वी कंगव्यात आलेला एखादा गळलेला केस घ्या. त्याचा ब्लीच झालेला भाग दोन्ही हातांच्या चिमटीत, मध्ये चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवून धरा आणि अगदी सावकाश ताणा. झटका देऊ नका, कारण झटक्याने चांगला केसही तुटतो. ओला निरोगी केस आपल्या लांबीच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी ओला असेपर्यंत पुन्हा मूळ लांबीवर येतो. केस लांबतच गेला आणि सैल पडून राहिला, तर त्याची आतली बांधणी कमकुवत झालेली आहे आणि प्रथिनांचा त्याला तात्पुरता आधार मिळू शकतो. जवळजवळ न ताणता तो टचकन तुटला, तर त्यावर ताठर थर बसला आहे किंवा त्याला मऊपणा देणारे घटक पुरेसे मिळालेले नाहीत. हीच तपासणी मुळांकडच्या भागावरही करा आणि दोन्हींची तुलना करा. एकाच केसावरून निष्कर्ष काढू नये. डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतले काही केस पाहावेत.

अनेक ठिकाणी पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो ते पाहण्याचा सल्ला दिलेला असतो. माझ्या मते ती तपासणी सोडून द्यावी. केस तरंगणे हे त्यावरच्या तेलावर, सिलिकोनवर आणि पाण्याच्या पृष्ठताणावर अवलंबून असते, त्यातून केसाच्या आतली स्थिती कळत नाही.

खांद्यावर पडणारे तुकडे एकदा उजेडात नीट बघा. ज्या केसाच्या एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ असते तो मुळापासून गळलेला असतो आणि त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. दोन्ही टोके सारखी, आखूड आणि गाठ नसलेली असतील तर तो तुटलेला केस आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचे केस तुटत आहेत असे वाटते.

ओलाव्याचा मास्क आणण्यापूर्वी एक गोष्ट करा. एकदाच, प्रथिने नसलेल्या क्लॅरिफाइंग शाम्पूने केस धुवा, म्हणजे आधीचे सगळे थर निघतील. त्यानंतर प्रथिने नसलेले साधे कंडिशनर लावा आणि केस पूर्ण वाळल्यावर हात लावून पाहा. अशा एक-दोन धुण्यांत ताठपणा गेला, तर तो साठलेल्या थराचाच होता. थर तसाच ठेवून त्यावर नवा मास्क लावला, तर कोणत्या उत्पादनाचा काय परिणाम झाला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

प्रयोगवही

मी केसांच्या उत्पादनांच्या सूत्रीकरणाचे काम करतो, त्यामुळे या दोन्ही प्रकारच्या मास्कने केसात नेमके काय घडते ते थोडे सविस्तर लिहितो. ते समजले की प्रथिने आणि ओलावा ही तराजूची दोन पारडी मानून बसण्याची गरज उरत नाही.

केस हा मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. आतला जाड गाभा म्हणजे कॉर्टेक्स. केसाची ताकद तिथे असते. त्याभोवती क्यूटिकलचे पातळ खवले असतात, कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक सरकवून बसवलेले, पाच ते दहा थरांचे, आणि त्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेला असते. सगळ्यात बाहेरच्या खवल्यावर एका मेदाम्लाचा अतिसूक्ष्म थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. निरोगी केसावरून पाणी ओघळून जाते आणि दोन केस एकमेकांवरून सहज घसरतात, ते या थरामुळे. ब्लीचमध्ये अल्कली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते. त्यांनी हा मेदाचा थर निघून जातो आणि गाभ्याला ताकद देणारे काही डायसल्फाइड (गंधकाचे) बंधही तुटतात. तुटलेल्या बंधांच्या जागी सिस्टिइक आम्ल तयार होते आणि केसाचा पृष्ठभाग अधिक ऋणभारित बनतो.

यावरून पहिली गोष्ट अशी निघते की ब्लीच केलेल्या केसाला पाणी कमी पडते, ही समजूत बरोबर नाही. असा केस निरोगी केसापेक्षा पाणी लवकर आणि जास्त शोषतो. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी घेतो आणि त्याची जाडी १५ टक्क्यांच्या आसपास वाढते, पण लांबी जेमतेम एक-दोन टक्केच वाढते. फुगण्याच्या या ताणाने खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. त्यातच पाण्यामुळे केसातले हायड्रोजन बंध सुटलेले असतात, म्हणून ओला केस कमी जोर लावूनही ताणला जातो. अबोली, ब्लीचनंतर तुमची टोके ओली असताना लिबलिबीत होत होती, त्याचे कारण हेच.

मग ओलावा देणारा मास्क करतो काय? त्यातले खरे काम पाणी करत नाही. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड यांसारखे धनभारित घटक ऋणभारित, म्हणजे नेमक्या खराब झालेल्या जागी चिकटतात. सिटिल आणि सिटेरिल अल्कोहोल यांसारखी मेदी अल्कोहोले त्यांच्या जोडीने मऊ थर देतात. त्यांच्या नावात अल्कोहोल असले तरी ती केस कोरडे करत नाहीत. तेले आणि सिलिकोन घर्षण कमी करतात. गेलेल्या मेदाच्या थराची जागा काही काळासाठी हे सगळे मिळून भरून काढतात. ग्लिसरिन आणि पॅन्थेनॉल पाणी धरून ठेवतात हे खरे, परंतु केस मऊ लागतो तो प्रामुख्याने घर्षण कमी झाल्यामुळे.

आता प्रथिने. केसाला अखंड प्रथिनाचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण त्याचे रेणू फार मोठे असतात. कच्चे अंडे केसांना लावल्याने प्रथिनांचे पोषण होत नाही, ते याच कारणाने. अंड्यातल्या बलकाच्या मेदाने थोडा मऊपणा येतो, एवढेच. हायड्रोलाइज्ड प्रथिन म्हणजे पाण्याच्या साहाय्याने लहान तुकडे केलेले प्रथिन. त्यांतले अगदी लहान तुकडे आणि अमिनो आम्ले केसाच्या आत शिरू शकतात, तर मोठे तुकडे पृष्ठभागावर पातळ पापुद्रा बनवतात. त्या पापुद्र्याने केसाला थोडी जाडी आणि ताठपणा येतो. लिबलिबीत केसाला तोच ताठपणा हवाहवासा वाटतो, म्हणून पहिल्या काही वापरांत तुम्हाला एवढा आनंद झाला. ब्लीच झालेल्या भागात प्रथिने जास्त प्रमाणात चिकटतात. शिवाय धुण्यानंतर राहणाऱ्या क्रीममधली प्रथिने पाण्याने धुतली जात नाहीत, ती पुढच्या धुण्यापर्यंत तिथेच असतात आणि त्यावर पुन्हा मास्कचा थर बसतो. बारीक केसाला हा भार लवकर जाणवतो. पापुद्रा ताठ, वरून मऊ थर नाही, आणि त्यात विंचरणे: तुमचे केस तुटण्याची कारणे मला यात दिसतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. प्रथिनांच्या अतिरेकाने केस कायमचे बिघडले, असे वाचून अनेक जण घाबरतात. पापुद्रा धुऊन निघतो. त्याचप्रमाणे तुटलेले बंध प्रथिने लावून पुन्हा जुळत नाहीत; केस ही मृत रचना आहे आणि त्यात अन्न पचवून स्वतःला दुरुस्त करणारी कोणतीही यंत्रणा नाही. तेव्हा प्रथिनांचा मास्क हा आधार आहे, उपचार नव्हे. आधार किती लागेल हे झालेल्या हानीवर ठरते, दिनदर्शिकेवर नव्हे.

साधीवेणी

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, पण एक शंका नोंदवते. अबोली यांनी आपल्याकडचे पाणी कसे आहे हे लिहिलेले नाही. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि तांब्याच्या नळांतून येणारे तांबे, ऋणभारित झालेल्या ब्लीच केलेल्या केसांना विशेष चिकटतात आणि त्यांच्यामुळेही केस असेच राठ, निस्तेज आणि करकरीत होतात. मुळांकडचे रसायन न लागलेले केसही निस्तेज झाले आहेत, हे वाचून मला पाण्याचा संशय अधिक येतो. साधा क्लॅरिफाइंग शाम्पू तेल आणि सिलिकोन काढतो, पण खनिजे काढायला त्यात डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए यांसारखा घटक पुरेशा प्रमाणात असावा लागतो. अशा शाम्पूला चिलेटिंग शाम्पू म्हणतात. साबण वापरताना फेस कमी होत असेल किंवा नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचत असेल, तर आधी त्याचा वापर करून पाहावा. नाहीतर दोष पाण्याचा आणि शिक्षा प्रथिनांना, असे व्हायचे.

दुसरे असे की केस धुण्यापूर्वी टोकांना खोबरेल तेल लावून ठेवण्याचा पर्याय या चर्चेत राहून गेला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांपैकी केवळ खोबरेल तेलाने केसांतून होणारी प्रथिनांची झीज कमी केल्याचे आढळले, आणि ते निरोगी व खराब अशा दोन्ही प्रकारच्या केसांच्या बाबतीत. त्यातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचे असल्यामुळे केसाच्या आत शिरते. बाहेरून प्रथिने देण्याआधी आहेत ती टिकवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बारीक केसांना तेल अगदी थोडे, केवळ टोकांना लावावे, म्हणजे ते काढण्यासाठी दोनदा शाम्पू करावा लागणार नाही.

अबोली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो, म्हणून साधीवेणी यांच्या सांगण्याप्रमाणे ईडीटीए असलेल्या शाम्पूने केस धुतले आणि त्यानंतर तपासणी केली. मुळांकडचा केस ताणला जाऊन व्यवस्थित परत आला आणि त्या भागाची चमकही परतली आहे. टोकांकडचा ताठपणा बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. तिथले काही केस अजूनही लवकर तुटतात, तर काही लांबून सैल राहतात. एकाच बटेत दोन्ही प्रकार दिसल्यामुळे गोंधळ झाला आहे. यापुढे प्रथिने किती अंतराने वापरावीत, आणि उत्पादनात ती किती आहेत हे वेष्टनावरून कसे समजावे? एका सलूनमध्ये मला याच तक्रारीसाठी केराटिन ट्रीटमेंट सुचवली आहे. ती करावी का?

वळणदार

एकाच बटेत दोन्ही प्रकार दिसणे स्वाभाविक आहे, कारण ब्लीच प्रत्येक केसाला सारखे लागत नाही. चमक परत आली, म्हणजे पाण्याचा वाटा होताच; साधीवेणी यांचा अंदाज बरोबर ठरला.

तुमच्या जागी मी धुण्यानंतरचे गव्हाच्या प्रथिनाचे क्रीम पूर्ण थांबवले असते आणि त्याऐवजी प्रथिने नसलेले हलके क्रीम घेतले असते. केराटिनचा मास्क टाकून देण्याची गरज नाही. काही आठवडे तो बाजूला ठेवून प्रत्येक धुण्याला केवळ कंडिशनर वापरा. टोके पुन्हा ओली असताना लांबून सैल राहू लागली, की एकदा मास्क लावा, तोही फक्त ब्लीच झालेल्या भागाला, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त नाही, आणि तो धुऊन लगेच त्याच जागी कंडिशनर लावा. पुढचा मास्क कधी, हे त्यानंतरच्या ओल्या केसाला विचारावे. कोणाला ते अंतर तीन आठवड्यांचे पडते, कोणाला दोन महिन्यांचे. आठवड्याला एकदा प्रथिने आणि एकदा ओलावा असे सरसकट वेळापत्रक देणाऱ्या सल्ल्यावर माझा विश्वास नाही, कारण त्यात केस तपासण्याची पायरीच गाळलेली असते. मुळांकडच्या भागाला सध्या प्रथिनांची काहीही आवश्यकता नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. शाम्पू, मास्क आणि क्रीम एकदम बदलले, तर फरक पडूनही तो कशाने पडला ते कळणार नाही.

ओल्या केसांना बारीक कंगवा लावू नका. कंडिशनर केसांत असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून सुरुवात करून हळूहळू वर जावे. ज्या टोकांना फाटे फुटले आहेत ती मात्र कापावीच लागतील. फाटा वर चढत जातो आणि कोणताही मास्क तो कायमचा जोडू शकत नाही.

प्रयोगवही

वेष्टनाविषयी: घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, परंतु १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा असते. फेनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक युरोपीय संघाच्या नियमांनुसार १ टक्क्यापेक्षा जास्त वापरता येत नाही, म्हणून त्याच्या नंतर लिहिलेले प्रथिन बहुधा त्याहूनही कमी असते. पहिल्या पाच-सहा घटकांत हायड्रोलाइज्ड प्रथिनाचे नाव आले, तर ते उत्पादन जपून वापरावे. शेवटी कुठेतरी एखादे प्रथिन दिसले म्हणून कंडिशनर नाकारू नये. तेवढ्याने केस ताठ होत नाहीत. केराटिन, गहू, सोया, रेशीम, तांदूळ, कोलॅजेन अशी नावे वेगवेगळी असली तरी पृष्ठभागावरच्या पापुद्र्याच्या दृष्टीने ती सगळी प्रथिनेच मोजावीत.

सलूनमधल्या केराटिन ट्रीटमेंटविषयी मी स्पष्टपणे नको असे सांगेन. ती केस सरळ करण्याची प्रक्रिया आहे. तिच्यात फॉर्माल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्ये, नाहीतर ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरले जाते आणि त्यावर साधारण २०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापवलेला स्ट्रेटनर फिरवला जातो. ब्लीच झालेल्या, आधीच तुटणाऱ्या टोकांना एवढी उष्णता झेपत नाही. फॉर्माल्डिहाइड हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या उत्पादनाने केस सरळ केल्यानंतर एका तरुणीच्या मूत्रपिंडाला वारंवार इजा झाल्याचे प्रकरण २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. सलूनमध्ये जायचेच असेल, तर त्याऐवजी टोके कापून घ्या.

एक सावधगिरी गव्हाच्या प्रथिनाबाबत. हायड्रोलाइज्ड गहू प्रथिन काही लोकांना त्वचेवाटे संवेदनशील करू शकते आणि त्यानंतर गहू खाल्ल्यावरही त्यांना ॲलर्जी येऊ शकते. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणातून अशी अनेक प्रकरणे घडली, आणि युरोपीय संघाने आता सौंदर्यप्रसाधनांतील या प्रथिनाच्या तुकड्यांच्या सरासरी रेणुभारावर ३.५ किलोडाल्टनची मर्यादा घातली आहे. तुम्ही ते क्रीम थांबवणारच आहात. परंतु ते लावल्यावर कधी टाळू, मान किंवा कपाळ खाजले असेल किंवा गांधी उठल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि जाताना वेष्टन सोबत न्या.